दहा ते पाच बसणारे नगराळेकाका

श्रावण नगराळे कुणाच्या घरी यायचे ते स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली आणि कालचं वर्तमानपत्र घेऊन. सकाळी दहाला दाराजवळची खुर्ची धरायची आणि संध्याकाळी पाचला उठायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. मध्ये कुणी पोहे आणले, भजी आणली, की हात जोडायचे. "तुमचं खाल्लं तं मले तुमची दया येईन, मंग कुत्र्याचं नुकसान होईन," म्हणायचे. बिनसाखरेचा काळा चहा तेवढा चालायचा. पाचला उठताना ते एक तर "रविवारी येऊन घेऊन जा" म्हणायचे, नाहीतर "नाही भेटत" म्हणायचे. हे दुसरं उत्तर ऐकलेली पांढरकवड्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी त्यांच्यावर खार खाऊन होती. त्यात पुढे माझीही भर पडली.

काका केळापूरचे. ढोराच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी परिचर म्हणून काढली. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दरवेळी दुरुस्ती करायचे, "डॉक्टर सुई टोचे. मी बैल धरो." निवृत्त झाल्यावर गावाबाहेर, मोठ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी आपल्या जागेला जाळी ठोकली, आत टिनाचं शेड घातलं आणि तिथेच राहायला लागले. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर लोक गाडीचं दार उघडून कुत्री सोडून देतात. चांगली महागाची, नाव ठेवलेली, गळ्यात घुंगरू बांधलेली कुत्री. ती बिचारी ढाब्यासमोर दोन-दोन दिवस येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत बसतात. काका मोपेडवरून भाकरी घेऊन जायचे, शेजारी बसायचे, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रं त्यांच्या मागे चालत यायचं. जाळीच्या आत सात-आठ तरी नेहमी असायची.

कुत्रं मागायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा. फुकट आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. मग काका त्याला समजावून सांगायचे. शेडच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली बसून म्हणायचे, "माणसाची जात इचाराची नाही. कुत्र्याची मात्र इचाराचीच. तेच्यात त्याच्या बापजाद्याचं काम रायते. कोनाचा बाप मेंढ्या राखे, कोनाचा बर्फात गाडी ओढे. तुमच्या घरात थे काम हाये काय, थे पाह्याले मी येतो." किराणा दुकानदाराला त्यांनी लॅब्राडोर नाकारलं, कारण दिवसभर गूळ-शेंगदाण्याच्या वासात ते दोन महिन्यांत फुगून मेलं असतं. एका ठेकेदाराला बर्फातलं केसाळ हस्की हवं होतं. त्याच्याकडे एसी होता. काका मुद्दाम मे महिन्यात जाऊन बसले. दुपारी एकला लाइन गेली ती चारला आली. पाचला काका उठले नि म्हणाले, "लाइन गेल्यावर तुमी बनेनवर आले. याले बनेन काढता येत नाही. नाही भेटत."

स्वतःच्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही. मुलगा नागपूरला चौथ्या मजल्यावर राहतो. नातवाला पिल्लू हवं म्हणून त्याने हट्ट धरला, तर हे डबा घेऊन नागपूरला गेले, फ्लॅटमध्ये दहा ते पाच बसले आणि नातवाला नापास करून रात्रीच्या गाडीने परत आले. सून सहा महिने फोनवर बोलली नाही. "मले वाटलं थे पोट्टं रडन," काका मला सांगत होते, "पन रडला माहा पोरगाच." सांगताना हसत होते, पण चष्मा काढून पुसायला लागले.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय काका पुरते कळायचे नाहीत. मी पांढरकवड्यात हायस्कूलला गणित शिकवते. लग्न केलं नाही. माझे वडील झरी जामणीच्या जंगलात वनरक्षक होते. आयुष्यभर रोज पंधरा-वीस किलोमीटर चाललेला माणूस. चार वर्षांपूर्वी त्यांना विसरण्याचा आजार लागला. आधी चष्मा विसरायचे, मग जेवण झाल्याचं, मग माझं नाव. चालणं मात्र विसरले नाहीत. संधी मिळाली की राउंडला निघायचे. पहिल्यांदा बाजारात सापडले. दुसऱ्यांदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि एक ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या बाया टिकल्या नाहीत. भाऊ पुण्याहून फोन करून "काळजी घे" म्हणतो. तेव्हा मी व्हरांड्याला लोखंडी ग्रिल बसवलं, त्याला फाटक केलं, आणि शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. साडेदहा ते साडेपाच. दुपारी शेजारच्या सुशीलाकाकू ग्रिलखालच्या फटीतून ताट आत सरकवायच्या. त्यांचे गुडघे गेलेले. बाबा निसटले तर त्या धावू शकत नाहीत, म्हणून किल्ली त्यांना नको होती.

हे मी कुणालाच सांगत नव्हते. स्टाफरूममध्ये विचारलं की म्हणायचे, "बाबा बरे आहेत, घरीच असतात." यात एक शब्दही खोटा नाही. गणिताचा माणूस असंच बोलतो. पण फळ्यावर समीकरण मांडताना मधेच मला ग्रिल दिसायचं आणि हात थांबायचा. मुलांना वाटायचं, बाईंचं उत्तर चुकलं.

एका रविवारी आम्ही केळापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. मी ऑटोवाल्याशी बोलेपर्यंत बाबांनी हात सोडवला. शोधत गेले तर ते काकांच्या जाळीशी उभे. आतून एक लांब पायांची, पोट पाठीला लागलेली, मातकट रंगाची कुत्री जाळीतून तोंड काढून त्यांच्या तळहातावर ठेवून उभी होती. सहा महिने ज्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं ते बाबा म्हणाले, "कारवानी होय हे, शिकारी कुत्रं. सस्यामांगं सुटलं तं डोयाले दिसत नाही." अर्धा तास ते तिथून हलले नाहीत. माझ्यासमोर ते दहा मिनिटं एका जागी बसत नसत. त्या अर्ध्या तासात मी ठरवून टाकलं की ही कुत्री आमच्या घरात आली पाहिजे. कुलूप तर सुटणार नव्हतं. निदान कुलपाच्या आत ते एकटे नसतील.

कुत्रीचं नाव काकांनी हरणी ठेवलं होतं. मी मागितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, घरी दिसभर कोन रायते?"

"काकू असतात," मी म्हणाले. इतकं सफाईने आलं की मलाच नवल वाटलं.

"बुधवारी येतो," काका म्हणाले.

बुधवारची मी परीक्षेसारखी तयारी केली. रजा टाकली. बाबांना नवा सदरा घातला. सुशीलाकाकूंना दिवसभर आमच्या घरात वावरायची विनंती केली आणि काय विचारलं तर काय सांगायचं ते दोनदा म्हणून घेतलं. कुलूप खिळ्यावरून काढून तांदळाच्या डब्यात खुपसलं. काका दहाला आले, खुर्चीवर बसले, आणि काकूंना म्हणाले, "माय, एक खाली गिलास द्या." काकूंनी फडताळाची तीन दारं उघडली, तेव्हा कुठे ग्लास सापडला. काकांनी त्यात आपल्या बाटलीतलं पाणी ओतून घेतलं. काकूंना मात्र घाम फुटला आणि "भाजी गॅसवर हाये माही" म्हणून त्या पाचव्या मिनिटाला घरी निघून गेल्या.

मी अंगणात तारेवर कपडे वाळत घालत होते. साडेदहाला पलीकडच्या प्राथमिक शाळेची प्रार्थना सुरू झाली. ती ऐकून बाबा उठले, व्हरांड्यात आले, ग्रिलचं फाटक आतून ओढून घेतलं आणि कुलूप नीट बसावं म्हणून दोन्ही कड्या जुळवून धरून उभे राहिले. "लाव वं माय," मला म्हणाले. "शाळेले उशीर होते तुले."

मी म्हटलं, "बाबा, आज सुट्टी आहे." त्यांना ते पटेना. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा. मग ते घाबरले. "कुलूप कुठी गेलं? कुलूप कुठी हाये वं?" म्हणत घरभर फिरायला लागले, उशा उचलून पाहायला लागले. शेवटी मी आत गेले आणि काकांच्या डोळ्यांदेखत तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. कुलपाच्या भोकात तांदूळ अडकले होते, ते नखाने काढले. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

काका खुर्चीवरून म्हणाले, "लावून घ्या, मॅडम. बाहेरून लावा अन् शाळेत जा."

"आणि तुम्ही?"

"मी पाचलोग बसाले आलो ना? बसतो मी. दिस कसा जाते थे पाहू द्या."

मी दोघांना आत ठेवून कुलूप लावलं. रजा असल्याने शाळेत कुठल्या तोंडाने जाणार? बसस्टँडवर जाऊन बसले. सात तासांत किती बसगाड्या आल्या नि गेल्या, मला एकीचाही बोर्ड आठवत नाही.

साडेपाचला परत आले तर दोघंही ग्रिलशी उभे होते, शेजारी शेजारी, बोटं गजांमध्ये घालून. मी कुलूप काढलं. काका बाहेर आले, पायात वहाणा घातल्या आणि हिशोब सांगावा तसं सांगायला लागले. "अकरा ते एक बाबा उभे होते. मी बसा म्हनलं, पन नाही बसले. दोन वाजता काकूनं ताट देल्लं. तीन वाजता त्यायनं मले इचारलं, 'तुमची पोरगी बी शाळेत हाये काय?' मी हो म्हनलं."

मी कुलूप खिळ्याला अडकवलं.

"हरणी नाही भेटत," काका म्हणाले. "हे पयाचं, धावाचं कुत्रं होय, मॅडम. याची नजर दूरची. कोंडलं तं गज चावन, दात तोडून घेईन, मंग सोताचे पाय चावन. मी असे पाह्यले."

"बाबा सोबत असतील ना."

"दोघाले कोंडल्यानं सोबत होत नाही." मग बाबांकडे बघत म्हणाले, "बाई, उद्यापासून शाळेत जाताना बाबाले माह्याकडं सोडा. जाळी हाये, मी हावो, कुत्रे हायेत. तुमचं घर कुत्र्याले नाही जमत. माह्यं घर बाबाले जमन."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'बाई' म्हटलं होतं आणि त्याचाच मला संताप आला. मी म्हणाले, "मी कुत्रं मागितलं होतं. माझ्या बापाला सोडायला जागा नव्हती मागितली." रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यांच्या रांगेत यांनी माझे वडील बसवले, असं मला वाटलं. खोटं पकडलं गेलं की माणूस जास्त चिडतो, तशी मी चिडले होते. काकांनी डबा पिशवीत टाकला. "माणूस लपवते. घर नाही लपवत," एवढंच म्हणाले आणि मोपेडला लाथ मारून निघून गेले.

अकरा दिवस मी गेले नाही. अकराव्या दिवशी रविवार होता. मी सुशीलाकाकूंना म्हटलं, आम्हा दोघांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावा, साडेपाचला काढा, मधे मी हाक मारली तरी काढू नका. हातात तपासायच्या वह्या घेतल्या होत्या, म्हटलं काम तरी होईल. पावणेबाराला मी काकूंना हाक मारली. त्या आल्या नाहीत, मीच तसं सांगितलं होतं. मग मी ओरडले. बाबा मला समजावत होते, "उभं राहाचं. असं गज धरून उभं रायलं का बरं वाटते." काकू दोन्ही गुडघे धरत धरत आल्या आणि त्यांनी कुलूप काढलं तेव्हा मी घामाने चिंब झाले होते.

सोमवारी सकाळी मी बाबांना ऑटोने केळापूरला नेलं. काकांनी "आले काय" एवढंच विचारलं. अकरा दिवस कुठे होता, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

त्यानंतरचे दोन हिवाळे आणि एक उन्हाळा आमच्या घरातले बरे दिवस होते. सकाळी आणि उतरत्या उन्हात काका हरणीला लांब दोरी बांधायचे, दोरी बाबांच्या हातात द्यायचे आणि बाबांचा दंड स्वतःच्या हातात धरायचे. तिघं पऱ्हाटीच्या धुऱ्याने, कपाशीच्या बांधाबांधाने चालायचे. बाबांच्या लेखी तो राउंड होता. परत आल्यावर ते काकांपुढे ताठ उभे राहून सांगायचे, "साहेब, जंगल ठीक हाये." काका मान डोलवायचे, "बसा गार्डसाहेब." परिचर म्हणून जन्म गेलेल्या माणसाला कुणी साहेब म्हणत होतं, आणि त्यांना ते आवडायचंही. एकदा मी आभार मानायला गेले तर वैतागले. "कायचे आभार? बाबा आल्यापासून हरणीनं एक बी चप्पल नाही फाडली. मले फायदा हाये म्हनून ठेवून राह्यलो."

त्यांना राग येतच नसे असं नाही. लोकांनी रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यांवरून ते तोंडाला येईल ते बोलत, आणि ते सगळं इथे लिहिता येणार नाही. हट्टीही होते. छातीत दुखतं हे त्यांनी मुलाला महिनाभर सांगितलं नाही, कारण दवाखान्यात नेलं तर कुत्र्यांना कोण बघणार. गेल्या पौषात एका सकाळी आम्ही पोहोचलो तर जाळीचं दार लावलेलं, कुत्री भुंकत होती आणि शेजारचा माणूस म्हणाला, पहाटे यवतमाळला नेलं. ते परत आले नाहीत. बाबा त्या दिवशी शेडसमोर बराच वेळ ताठ उभे राहिले, जंगल ठीक असल्याचं कुणाला सांगावं ते न कळून. मी तिथेच खाली बसून रडले. माझी आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

काकांचा मुलगा भला माणूस. पण नोकरी नागपूरला, जागा विकणं त्याला भाग होतं. मी रजा काढली आणि आम्ही दोघांनी मिळून पंधरा दिवसांत कुत्र्यांना घरं शोधली. जमेल तितकी घरं मी स्वतः डबा घेऊन बसून पाहिली. शेवटी हरणी राहिली. मुलगा म्हणाला, "ताई, हे तुम्हीच न्या. आता नाही म्हणणारं कोणी नाही."

हे खरं होतं. नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते मलाच म्हणावं लागलं. रजा रविवारी संपत होती. सोमवारपासून साडेदहा ते साडेपाच पुन्हा तेच ग्रिल. आमचं घर पारखायला मी त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून दिवसभर बसले नाही. एक पावणेबारा मला पुरला होता. बाबांना ती हवी होती, मला हवी होती, आणि आमचं घर तिला जमत नव्हतं. मी मुलाला सांगितलं, दुसरं घर बघू.

आर्णीकडच्या एका तांड्यावरून राठोडबाई आल्या, सोबत नवरा, मालवाहू गाडी घेऊन. घर शेतात, शेळ्या नाहीत, कोंबड्या नाहीत, समोर दहा एकर मोकळं रान. एवढ्या लांब जाऊन बसणं मला शक्य नव्हतं, म्हणून जाळीपाशीच उभं राहून विचारलं, दिवसभर घरी कोण असतं?

"मी असतो, सासू असते, दोन पोरं शाळेतून आले का शेतातच," त्या म्हणाल्या. "आमी कुत्र्याले बांधतच नाही, बाई."

उत्तर पूर्ण गुणांचं होतं. हरणी बाबांच्या मांडीवर मान टाकून बसली होती. राठोडबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "अन् या बाबाजवळ कोन रायते दिसभर?"

काकू असतात, हे जिभेवर आलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "सोमवारपासून मी त्यांना बाहेरून कुलूप लावून जाणार आहे."

हे वाक्य मी नगराळेकाकांनाही कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी ते आपलं आपण पाहिलं होतं. राठोडबाईंनी पदराने तोंड पुसलं, हरणीची दोरी घेतली आणि हळूच तिला उठवलं. बाबा राउंडला निघाल्यासारखे तिच्या मागोमाग चालायला लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. हरणी गाडीत चढली, गाडी धुळीत दिसेनाशी झाली, तरी ते पुढे ओढतच होते आणि मी मागे.

"सोड ना वं माय," बाबा म्हणाले, "हात दुखते."

मी सोडला नाही.